थोडक्या पैशांत घरचा सिनेमा



भाताची झोडणी झाली, चार पैसे गाठीला आले, की घरात मोठा टी.व्ही. आणि सिनेमासारखा आवाज असावा असे पुष्कळांच्या मनात येते. शाळेचेही तसेच. लोकवर्गणी जमली की पहिला विचार पडद्याचा! आणि इथेच चूक होते. सगळा पैसा चित्रात जातो, आवाजासाठी काही उरत नाही. मग चित्र दिसते झकास, पण मागच्या रांगेतल्या पोराला शब्द कळत नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ज्या मुलाच्या घरी वारली बोलतात, त्याला पुस्तकी मराठी आधीच नवी. ती अर्धवट ऐकू आली तर पाठ वायाच गेला म्हणायचा.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपले घर पाहावे. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली भिंत आवाज थोडा पिऊन टाकते. तिथे शब्द स्वच्छ लागतात. सिमेंटची भिंत, खाली फरशी आणि वर पत्रा असला, की तोच आवाज चहूकडून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. एकदा टाळी वाजवून पाहा, लगेच समजेल. उपाय स्वस्त आहे. संचाच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी अंथरा. पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळू लागला म्हणजे मात्र गोधडीचे काही चालत नाही! तेव्हा आवाज वाढवत बसण्यापेक्षा मंडळींनी जवळ सरकून बसावे हे बरे.

आता समजा, हाती २५ हजार रुपये आहेत. माझे मत विचाराल तर निम्म्याहून थोडे अधिक चित्राला, सहा-सात हजार आवाजाला आणि उरलेले वीज व बसवणुकीला ठेवावेत. पाच स्पीकर आणि सहावा धमधम करणारा, ज्याला दुकानदार ५.१ म्हणतात, तो थाट दहा बाय बाराच्या खोलीत नको. त्या पैशांत सहा हलके घेण्यापेक्षा दोन चांगले घ्या. ते पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्यात सारले की ढोलाचा आवाज फुगतो आणि माणसाचा दबतो. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापलेले दिसतात. तो आकडा सोडून द्या, ‘आरएमएस’ किती ते विचारा. घरच्या खोलीला तसे वीस-तीस वॅट पुष्कळ झाले. दुकानदार गाणे लावील. त्याला आकाशवाणीच्या बातम्या लावायला सांगा, आवाज लहान करा, डोळे मिटा. शब्दन्‌शब्द कळला तर माल घ्यावा.

चित्राचे थोडक्यात सांगतो. दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून पाहायचे तर टी.व्ही.च बरा, स्वस्त प्रोजेक्टरचे चित्र उजेडात फिके पडते. रात्री अंगणात सगळा पाडा जमणार असेल तर प्रोजेक्टर घ्यावा, पण त्याचा उजेड ‘एएनएसआय ल्युमेन’मध्ये किती ते पाहूनच. आणि गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक असेल तर पडद्यासाठी तिला चुना फासू नका हो! पांढरे जाड कापड ताणून बांधले की भागते. डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही आणि पीएम ई-विद्येच्या शैक्षणिक वाहिन्याही तिच्यावर दिसतात.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. तेव्हा मातीच्या किंवा तडा गेलेल्या भिंतीला टी.व्ही. टांगू नये. बुटक्या, रुंद बाकावर ठेवून पट्ट्याने आवळावा आणि बाक खांबाला बांधावा. मुलांच्या डोक्यावरच्या फळीवर स्पीकर तर नकोतच.

विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून स्टॅबिलायझर आणि चांगले अर्थिंग हवे. आभाळ भरून आले, की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही. चिंचणी-बोर्डीकडे, किनाऱ्याला, खाऱ्या हवेने तारांची टोके हिरवी पडतात. दिवाळीच्या साफसफाईत वीज बंद करून स्पीकरच्या तारांची टोके खरवडली आणि पुन्हा घट्ट बसवली, की आवाजातली करकर थांबते.