पाच पानांचे दुकान : अमरावती-अकोल्यातील लहान व्यवसायांच्या संकेतस्थळांचा मागोवा

विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा खुली केली तेव्हा ती मोजक्या महानगरांपुरती होती. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख व्यापारी शहरांत ती टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांच्या हिशेबाने आणि बरीच उशिरा पोचली. त्यामुळे येथील लहान व्यवसायाच्या संकेतस्थळाचा इतिहास एका विसंगतीपासून सुरू होतो : दुकानाचे संकेतस्थळ तयार झाले, पण ते पाहू शकणारा ग्राहक गावात जवळजवळ नव्हता. पुढे ग्राहक आला, आधी सायबर कॅफेत आणि नंतर खिशातल्या फोनवर आला. मात्र तोवर त्याच्यासाठी उघडलेले हे दुसरे दुकान नेमके कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहिला होता. या मागोव्यात रंगसंगती आणि मांडणी यांतील बदलांपेक्षा त्या बदलांची निकड कोणी निर्माण केली आणि त्यानंतर ताबा कोणाकडे राहिला याकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण पुनर्रचनेचा निर्णय दुकानाच्या गल्ल्यावर क्वचितच झाला.

दोन्ही शहरांची व्यापारी घडण वेगळी असल्याने संकेतस्थळाची मागणीही वेगवेगळ्या धंद्यांतून आली. अकोल्याची ओळख कापूस, डाळ आणि तेल यांच्या बाजारपेठेची. तेथील जिनिंग-प्रेसिंगवाल्याचा किंवा डाळमिलवाल्याचा माल घेणारा व्यापारी परप्रांतात बसलेला असे आणि सौदा दलालामार्फत किंवा फोनवर ठरत असे. त्याला संकेतस्थळ हवे होते ते माल विकण्यासाठी नव्हे, तर व्हिजिटिंग कार्डावर पेढीच्या नावाचा ई-मेल पत्ता छापता यावा आणि बँकेपुढे वा परगावच्या खरेदीदारापुढे पेढीचे वजन दिसावे यासाठी. अमरावतीत ठोक कापड बाजार, सराफा, खासगी रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि मंगल कार्यालये अशी मागणी होती. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, चिखलदऱ्यात, हॉटेलांचे गिऱ्हाईक बाहेरगावचेच असल्यामुळे संकेतस्थळाचा प्रत्यक्ष लाभ सर्वांत आधी त्यांच्या पदरात पडला असावा, असे म्हणण्यास जागा आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आणि अकोल्याची सव्वाचार लाखांच्या आसपास होती. एवढ्या आकाराच्या शहरांत दुकानदार आणि संकेतस्थळ बनवणारा हे बहुधा कोणाच्या तरी ओळखीतून एकमेकांना भेटत, व्यवहार तोंडी होई आणि लेखी कराराचा आग्रह धरणे म्हणजे अविश्वास दाखवणे मानले जाई. ही गोष्ट पुढे महागात पडली.

काम करणारेही दोन वाटांनी आले. एक वाट डीटीपीची, म्हणजे संगणकावर लग्नपत्रिका, हँडबिले आणि बिलबुके जुळवून छापखान्याला देणाऱ्यांची. दुसरी वाट अभियांत्रिकी शिक्षणाची, कारण अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आणि बडनेऱ्याचे राम मेघे यांच्या नावाचे महाविद्यालय १९८३ पासून पदवीधर घडवीत होते. त्या पदवीधरांपैकी ज्यांना शक्य होते त्यांनी पुण्याची वाट धरली. जे मागे राहिले किंवा परत आले त्यांच्या उदरनिर्वाहाच्या साधनांत संकेतस्थळांची कामे होती. डीटीपीवाल्याला अक्षर कळत होते पण संगणकाची भाषा येत नव्हती, अभियंत्याचे नेमके उलटे होते, आणि या दोघांच्या मधल्या फटीत वऱ्हाडातील पहिली संकेतस्थळे तयार झाली.

त्या काळातील नमुना सर्वत्र सारखाच होता : मुखपृष्ठ, आमच्याविषयी, उत्पादने, छायाचित्रे आणि संपर्क अशी पाच पाने, ठराविक रकमेत. ती बहुधा फ्रंटपेजसारख्या साधनात बांधलेली असत, म्हणजे संगणकाची भाषा न शिकता पान जुळवून देणाऱ्या आज्ञावलीत, आणि त्यांची मांडणी कोष्टकांच्या अदृश्य चौकटींवर उभी असे. माथ्यावर गणपती, त्याखाली डावीकडून उजवीकडे वा उलट सरकणारी स्वागताची ओळ, दुसऱ्या पानावर संस्थापकांचे हार घातलेले छायाचित्र, तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडेमोड्या आणि त्याच्या शेजारी हे स्थळ ८०० गुणिले ६०० बिंदूंच्या पडद्यावर उत्तम दिसते अशी सूचना. ज्या मालकाची ऐपत अधिक होती त्याच्या मुखपृष्ठाआधी फ्लॅश या तंत्रात केलेली चलचित्रफीत उलगडत असे, आणि तारेवरच्या मंद जोडणीत ती उलगडेपर्यंत पाहणाऱ्याचे बिल चढत असे. या पानांची टिंगल करणे आज सोपे आहे, परंतु त्यांची रचना अडाणीपणातून झालेली नव्हती. मालकाला ठाऊक असलेला जाहिरातीचा प्रकार हँडबिल हाच होता, आणि बनवणाऱ्याने त्याला संगणकावरचे हँडबिल करून दिले. हँडबिल एकदा वाटले की संपते, संकेतस्थळ मात्र दरवर्षी भाडे मागते, एवढा फरक कोणी समजावून सांगितला नाही.

खरा पेच लिपीचा होता. त्या काळी छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे टंक, म्हणजे संगणकावरील अक्षरसंच, रूढ होते आणि त्यांत प्रत्येक देवनागरी आकृती रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेली असे. ज्याच्या संगणकात तो टंक नाही त्याला मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मराठी मजकुराचे चित्र करून ते पानावर चिकटवणे. अक्षर सुबक दिसे, पण साडीचा भाव किंवा मंगल कार्यालयाचा फोन क्रमांक बदलला की ते चित्र नव्याने करावे लागे, आणि चित्रातला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नसल्याने मराठीत शोधणाऱ्याला ते दुकान सापडत नसे. जगातील सर्व लिप्यांना एकच सामाईक संकेतक्रम देणारी युनिकोड ही व्यवस्था तोवर अस्तित्वात आलेली होती, तथापि विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी जटिल लिप्यांचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे. ती असलेला दुकानदार विरळाच. परिणामी मराठी दुकानदाराने मराठी ग्राहकासाठी मोडक्यातोडक्या इंग्रजीत संकेतस्थळ करावे, असा विचित्र प्रघात पडला आणि तो बराच काळ टिकला.

पुढे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम हा पुनर्रचनेचा सर्वांत कष्टाचा भाग ठरला. जुन्या टंकांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतर करणारी आज्ञावली साध्या अक्षरावर हा बदल बिनचूक करी, पण जोडाक्षर आले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. त्याहून चिवट दोष रफाराचा. ‘वऱ्हाड’ या नावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून आणि एकदा साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असल्याने पानावरील शोधात एक लिहिले तर दुसरे सापडत नाही, आणि आज्ञावलीने ते जोडचिन्ह गाळले तर ‘वर्हाड’ असे तिसरेच रूप उमटते. स्वतःच्या प्रदेशाचे नाव पाटीवर घेतलेल्या खानावळींना आणि मसाल्याच्या उद्योगांना ही अडचण किरकोळ नव्हती. मुद्रितशोधकाची खरी गरज येथे होती. अंदाजपत्रकात मात्र त्याच्यासाठी रक्कम धरलेली नसे.

२००५ च्या सुरुवातीस ‘डॉट इन’ या भारतीय नावक्षेत्राची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली आणि त्याच वर्षी भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवाही सुरू झाली. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची होती, तरीही कामे वाढली, कारण वर्डप्रेस आणि जूमला या आशय-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे पानाचा मजकूर मालकालाही स्वतः बदलता येईल अशा मोफत आज्ञावली, हाताशी आल्या. तत्त्वतः हा मोठा बदल होता. व्यवहारात दुकानदाराला प्रवेशाचा संकेतशब्द दिला गेलाच तरी तो वापरला जात नसे, आणि प्रणाली वेळोवेळी अद्ययावत न केल्याने घुसखोरांना रान मोकळे मिळे. पेढीचे नाव शोधावे आणि निकालात परदेशी औषधांच्या जाहिराती दिसाव्यात, हा प्रकार जगभरातील बेवारस वर्डप्रेस स्थळांप्रमाणे येथेही ओळखीचा झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने लहान भारतीय व्यवसायांना एका वर्षासाठी ‘डॉट इन’ नाव आणि संकेतस्थळ विनामूल्य देण्याची मोहीम हाती घेतली. वर्ष संपले की नूतनीकरणाचे पैसे भरायचे, ही अट त्यात होतीच. फुकट मिळालेल्या वस्तूसाठी दुसऱ्या वर्षी पैसे मोजण्याची सवय मात्र बाजाराला नव्हती. ऑगस्ट २०१४ मध्ये आलेल्या ‘डॉट भारत’ या देवनागरी नावक्षेत्राचाही येथील व्यापाराला फारसा उपयोग झाला नाही, कारण ई-मेलच्या आणि अर्ज भरण्याच्या अनेक प्रणाली असा पत्ता स्वीकारतच नसत.

यानंतरच्या पुनर्रचना बाहेरून लादल्या गेल्या. अमेरिकी रचनाकार इथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये मांडलेली प्रतिसादी रचनेची कल्पना, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार एकच पान स्वतःची मांडणी बदलते अशी पद्धत, वऱ्हाडात पोचली ती सौंदर्यदृष्टी म्हणून नव्हे, तर २१ एप्रिल २०१५ रोजी गूगलने फोनवर नीट न दिसणाऱ्या पानांना फोनवरील शोधात मागे ढकलायला सुरुवात केल्यावर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आली आणि अमरावती-अकोल्याचा ग्राहक संगणकाची पायरी गाळून थेट फोनवर इंटरनेट वापरू लागला. पीएचपी या भाषेच्या सातव्या आवृत्तीतून माहितीसाठ्याशी बोलणारी जुनी साधने काढून टाकल्याने हाताने लिहिलेली कित्येक स्थळे सर्व्हर बदलताच कोरी पडली. जुलै २०१८ पासून क्रोम न्याहाळक सांकेतिक जोडणी नसलेल्या प्रत्येक स्थळापुढे ‘असुरक्षित’ असा शेरा मारू लागला. २०२० अखेर फ्लॅशच बंद झाले. प्रत्येक वेळी दुकानदाराला खर्च आला, आणि त्याच्या दुकानात, मालात वा भावात त्या खर्चाचे कारण शोधूनही सापडले नसते. संकेतस्थळ बनवणाऱ्यांवर ‘दर तीन वर्षांनी पैसे काढतात’ असा जो ठपका येतो, तो बऱ्याच अंशी अन्यायाचा आहे.

दरम्यान दुकानाचा दर्शनी भाग दुसरीकडे सरकला होता. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायांसाठीची आवृत्ती आली, पुढच्या वर्षी तिला मालाची यादी जोडली गेली, आणि ठोक कापडाच्या व्यापारात नव्या मालाची छायाचित्रे रोज पाठवण्याचे काम तिने इतके सोपे केले की पाच पानांच्या स्थळाला तेथे काही करण्यासारखे उरले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल लागून अमरावती, अचलपूर आणि अकोल्यात टाळेबंदी पुन्हा लागू झाली तेव्हा घरपोच मागणी घेण्यासाठी लहान दुकानदाराच्या हाताशी असलेले साधन फोनच होते. पण या सोयीलाही दुसरी बाजू होती : नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात तणावाच्या परिस्थितीत इंटरनेट सेवा काही काळ बंद करण्यात आली, तेव्हा परगावच्या सर्व्हरवरील संकेतस्थळ जगाला दिसत होते आणि शहरातील मालकाला मात्र आलेली मागणी वाचता येत नव्हती. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांवर ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० ने पेढीचे अधिकृत नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी जाहीर करण्याचे बंधन घातले, ज्यामुळे संकेतस्थळाला निदान कायद्याच्या दृष्टीने काही प्रयोजन राहिले.

मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नकाशावरील व्यवसाय-नोंदीला जोडलेली विनामूल्य संकेतस्थळे बंद केली आणि ज्यांचे एकमेव स्थळ तेच होते त्यांना पुन्हा स्थानिक रचनाकाराकडे जावे लागले. तेथे पहिला प्रश्न रंगांचा किंवा छायाचित्रांचा नसतो. पत्ता पूर्वी कधी नोंदवला असेल तर तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर आहे, हे आधी विचारले जाते, कारण नाव एका नोंदणीदाराकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी लागणारा हस्तांतर संकेत मिळवण्याची वाट त्या नोंदीतूनच जाते. बहुतेक जुन्या व्यवहारांत बनवणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचा ई-मेल घातलेला असतो. तो आता पुण्यात नोकरीला असतो, ते खाते त्याने सोडून दिलेले असते, आणि मालकाकडे तोंडी व्यवहाराखेरीज पुरावा नसतो. ओळखपत्रे, दुकानाचा परवाना आणि जुनी बिले जोडून नोंदणीदाराकडे अर्ज करता येतो, पण त्यात वेळ जातो, म्हणून अनेकांना शेवटी थोड्या फरकाचे नवे नाव घेणेच परवडते. बिलबुकांवर, कापडी पिशव्यांवर आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला जुना पत्ता बदलण्याचा खर्च मात्र संकेतस्थळाच्या अंदाजपत्रकात नसतो.