कधी, कुठे, कसं?

२९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण आंदोलक मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. मागणी नेमकी होती: ओबीसी आरक्षणासाठी मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र. पुढे सरकारला मुदती दिल्या गेल्या, पुन्हा उपोषणं झाली. मागणीबद्दल मतं वेगळी असतील, पण नेमकेपणाचं बळ इथे दिसतं. ‘जमेल तेवढं करू’ म्हणण्यापेक्षा नेमकं, अवघड ध्येय जास्त काम करून घेतं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी दाखवलं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं संशोधन मला त्याहून उपयोगी वाटतं: कधी, कुठे, कसं हे आधीच ठरवा. ‘अभ्यास वाढवीन’ हा निश्चय लवकर ढेपाळतो. ‘गुरांना कडबा टाकला की लगेच ओसरीवर गणिताचं पुस्तक उघडीन’ असं ठरवलं, तर कडबा टाकणं हीच आठवण होते आणि रोज मनाशी झगडावं लागत नाही.