एका पेटीत शंभर आवाज : गिटारचे पेडल निवडताना

शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात इलेक्ट्रिक गिटार आता नवी राहिलेली नाही. वाजवणाऱ्याच्या पायाशी एक चपटी पेटी ठेवलेली असते. तो मध्येच पायाने एक कळ दाबतो आणि इतका वेळ नाजूक झणकारणारी गिटार एकदम गुरगुरू लागते. दुसरी कळ दाबली की तोच स्वर डोंगरावर आदळून परत आल्यासारखा पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ही पेटी म्हणजे मल्टि-इफेक्ट्स पेडल. पूर्वी प्रत्येक परिणामासाठी वेगळी डबी घ्यावी लागे. आता त्या साऱ्या डब्या एका पेटीत मावतात.

अशी पेटी घेणे हा बहुतेक घरांत विचार करूनच करण्याचा खर्च असतो. खोक्यावर मात्र '१०० इफेक्ट्स', '२०० इफेक्ट्स' असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि पुष्कळदा खरेदी त्या आकड्यावरून होते. खरे म्हणजे तो आकडा सर्वांत कमी उपयोगाचा. असे का, हे समजायला शाळेतले पदार्थविज्ञान जवळजवळ पुरेसे आहे.

तारेच्या कंपनापासून विजेपर्यंत

गिटारच्या पोलादी तारांखाली 'पिकअप' बसवलेला असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाजवळ असल्यामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेने १८३१ साली शोधलेल्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावली, तर हा दाबही सेकंदाला ८२ वेळा वरखाली होतो. पेडलमध्ये जाते ती ही विजेची लाट, आवाज नव्हे.

आपल्याकडे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो याच कुळातला. जपानमधील नागोया शहरी मोरिता गोरो यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात बेंजो. त्याच्या पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप बसवला, की पेडलला गिटार आणि बेंजो सारखेच. म्हणून पुढचा मजकूर बेंजोवाल्यांनीही आपलाच समजावा.

छाटलेली लाट

गुरगुरणाऱ्या आवाजाला 'डिस्टॉर्शन' म्हणतात. तो कसा निर्माण होतो? सिलिकॉनच्या डायोडमधून सुमारे ०.६ व्होल्ट दाबापर्यंत वीज जवळजवळ वाहत नाही. त्यापुढे ती सहज वाहते. असे दोन डायोड उलटसुलट जोडले आणि मोठी केलेली लाट त्यांच्यावर सोडली, तर ०.६ व्होल्टच्या वरचे शिखर आणि तेवढ्याच खालची दरी दोन्ही छाटली जातात. गोलसर लाटेचे डोके सपाट होते.

सपाट डोक्याच्या लाटेत मूळ स्वराखेरीज तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपस्वर शिरतात. २२० हर्ट्झचा शुद्ध स्वर छाटला, की त्यात ६६०, ११००, १५४० हर्ट्झचे स्वरही ऐकू येतात. आवाजाचा खरखरीतपणा तो हाच. १९६१ साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे एका गाण्याच्या मुद्रणात यंत्र बिघडले आणि त्यातून असा आवाज निघाला. तो लोकांना इतका आवडला, की १९६२ साली तो मुद्दाम काढणारी डबी बाजारात आली.

दोन स्वर एकदम छाटले, तर आणखी एक गोष्ट घडते. २०० आणि २५० हर्ट्झचे स्वर एकत्र वाजवले, की एकाच्या दुपटीतून दुसरा वजा करून मिळणारे १५० आणि ३०० हर्ट्झचे स्वरही उमटतात. ते कोणी वाजवलेलेच नसतात! म्हणून जोरदार डिस्टॉर्शनवर अनेक तारांचा झणकार गढूळ वाटतो आणि एकेका तारेची धून मात्र खुलते.

कड्यावरून परत येणारा स्वर

आता प्रतिध्वनीकडे वळू. आमच्या चांदवडच्या परिसरात राजदेहेर, इंद्राई अशा किल्ल्यांचे काळ्या बेसाल्टचे उभे कडे आहेत. अशा कड्यापासून ८५ मीटरवर उभे राहून टाळी वाजवली, तर आवाज जाऊन-येऊन १७० मीटर चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने ऐकू येईल. पेडलवर 'डिले ५०० मिलिसेकंद' असे लिहिलेले असते, ते हेच अंतर.

हा कडा पेटीत कसा आणला? पहिला मार्ग चुंबकीय फितीचा. एका शीर्षाने फितीवर आवाज उमटवायचा आणि पुढच्या शीर्षाने तो वाचायचा. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि दोन शीर्षांत ९.५ सेंटिमीटर अंतर असेल, तर अर्ध्या सेकंदाचा विलंब मिळतो. १९७४ साली निघालेले रोलंड कंपनीचे 'स्पेस एको' याच तत्त्वावर चाले. दुसरा मार्ग फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९६९ साली काढला. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. तसा विद्युतभार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात देत न्यायचा. रांग जितकी लांब, तितका उशीर जास्त.

आजची पेडले तिसऱ्या मार्गाने जातात. ती विद्युतदाब सेकंदाला ४४,१०० किंवा त्याहून अधिक वेळा मोजतात आणि ते आकडे स्मृतीत साठवतात. अर्ध्या सेकंदाचा प्रतिध्वनी म्हणजे २२,०५० आकडे मागे जाऊन वाचणे. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. लाट पुन्हा उभी करायची, तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते. ४४,१०० हा आकडा त्यात बसतो.

एकदा लाटेचे आकडे झाले, की उरते ते गणित. उंची छाटली की डिस्टॉर्शन. काही वारंवारता उठवल्या-दाबल्या की 'वा'. थोडा विलंब दिला की प्रतिध्वनी. सुमारे वीस मिलिसेकंदांचा विलंब सावकाश कमीजास्त केला की अनेक गिटारींचा भास देणारा 'कोरस'. असंख्य परावर्तने मिसळली की सभागृहाचा निनाद. मूळ क्रिया अशा थोड्याच. खोक्यावरचे २०० बहुधा त्यांच्याच निरनिराळ्या मापांतून आणि जोड्यांतून तयार होतात. बटणे फिरवून तुम्हीही तितके प्रकार करू शकाल.

मग पाहायचे काय?

पहिला प्रश्न : पेटी कशाला जोडणार? गिटारच्या खास स्पीकरमधून ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर फार क्षीण निघतात. शाळेच्या कार्यक्रमाला मात्र बहुधा मंडपवाल्याचा मिक्सर आणि मोठे स्पीकर असतात. ते वरचे स्वरही स्वच्छ वाजवतात. मग छाटलेल्या लाटेचे सारे तीक्ष्ण उपस्वर कानात घुसतात आणि गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजते. अशा ठिकाणी गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय, म्हणजे 'कॅबिनेट सिम्युलेशन', पेटीत हवीच. गावात, शाळेत वाजवणाऱ्याने ही गोष्ट सर्वांआधी विचारावी.

दुसरा प्रश्न : पेटीच्या प्रवेशाचा विद्युत अवरोध किती? पिकअपच्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ३ हेन्री धरले, तर ५००० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ९४,००० ओहम होतो. ते १०,००० ओहमच्या प्रवेशाला जोडले, तर वरच्या स्वरांचा जेमतेम दहावा हिस्सा आत पोचतो. प्रवेश दहा लाख ओहमचा असेल, तर जवळजवळ सारे पोचते. गिटार थेट मिक्सरला जोडली की मंद का वाजते, याचे उत्तर येथे आहे.

तिसरा प्रश्न : मोजणी किती बारीक आणि हिशेब किती जलद? १६ बिटांत दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या होतात, २४ बिटांत १,६७,७७,२१६. डिस्टॉर्शनसाठी लाट खूप मोठी केली जाते आणि तिच्याबरोबर पायऱ्यांचा खडबडीतपणाही मोठा होतो. म्हणून २४ बिट बरे. हिशेबाला लागणारे ३ मिलिसेकंद म्हणजे स्पीकर एक मीटर मागे सरकवणे, याहून जास्त काही नाही.

चौथा प्रश्न : क्रम बदलता येतो का? आधी छाटून मग प्रतिध्वनी दिला, तर प्रत्येक प्रतिध्वनी स्वच्छ वेगळा येतो. आधी प्रतिध्वनी देऊन मग छाटला, तर जुने आणि नवे स्वर एकत्र छाटले जाऊन वर सांगितलेला गढूळपणा येतो. मोजे आणि बूट यांचा क्रम जसा बदलत नाही, तसेच हे.

पाचवा प्रश्न : वीज कोणती? अनेक पेडलांना ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि त्याच्या टोकाची आतली बाजू ऋण असते. घरातल्या इतर उपकरणांचे अ‍ॅडॉप्टर पुष्कळदा उलटे असतात. टोक बसते म्हणून जोडू नका, खूण पाहा. भारनियमनाच्या गावात सेलवर चालणारी पेटी मिळाली, तर सोन्याहून पिवळे.

करून पाहा

कड्यापासून ८५ मीटर अंतर टेपने मोजून मोकळ्या माळावर उभे राहा; सैल दगडांखाली, कड्याच्या पायथ्याशी नको. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर असे वाजवत राहा, की प्रत्येक नवा ठोका मागच्या ठोक्याच्या प्रतिध्वनीवर पडेल. जुळले की ठोक्यांमधल्या वीस अंतरांचा वेळ घड्याळावर घ्या. तो सुमारे दहा सेकंद यावा. १७० ला वीसने गुणून त्या वेळाने भागा. ध्वनीचा वेग मिळेल. आता पुढचे तुम्ही सांगा : मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेवर प्रतिध्वनी हवा असेल, तर कड्यापासून किती दूर उभे राहावे लागेल, आणि पेडलवर किती मिलिसेकंद लावावे लागतील?