अर्धशिशी : औषधाला योगाची जोड

अर्धशिशी ही साधी डोकेदुखी नव्हे. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, प्रकाश व आवाज असह्य होतात. आयुर्वेदात तिला 'अर्धावभेदक' म्हटले आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ३ महिने औषधांसोबत योगाभ्यास करणाऱ्यांचा त्रास केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्याचे त्यात आढळले. मात्र योग ही औषधाला जोड आहे, पर्याय नव्हे. वेळेवर जेवण व नियमित झोप यांचाही उपयोग होतो. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ वा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. डोके अकस्मात असह्य दुखू लागल्यास, अथवा वाचा अडखळल्यास वा हातपाय लुळे पडल्यास, घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.