वेळापत्रक वाचता आले, तर हंगाम कळतो

ऑगस्ट महिन्यात आपल्याकडची मैदाने पावसाने चिखलमय झालेली असतात. अमेरिकेतील लहान कॉलेजांत मात्र याच सुमारास फुटबॉलचा हंगाम उभा राहतो. ते लोक या खेळाला सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हे नाव त्यांनी दुसऱ्याच खेळाला देऊन टाकले आहे. हंगामाआधी प्रत्येक कॉलेज आपल्या सामन्यांचे वेळापत्रक जाहीर करते. मराठीत वेळापत्रक आणि कन्नडात वेळापट्टी. आपल्या दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच. पण या कागदाकडे एस. टी.च्या वेळापत्रकासारखे पाहिले तर त्यातली निम्मी गोष्ट हातातून निसटते.

मी बेळगावच्या एका कॉलेजात बरीच वर्षे फिजिकल डायरेक्टर होतो. माझी सासुरवाडी धारवाडची. मेहुणी लग्नानंतर अमेरिकेला गेली आणि तिची मुलगी न्यू इंग्लंड भागातील एका लहान कॉलेजच्या मुलींच्या संघात बचाव फळीत खेळते. घरात कन्नड चालते, म्हणून ती मला दोड्डप्पा म्हणते. गेली तीन वर्षे वेळापत्रक हातात आले की ती मला पाठवते आणि विचारते, "दोड्डप्पा, यंदा कसं दिसतंय?" यंदा मात्र प्रश्न वेगळा होता. तिचे कॉलेजचे हे शेवटचे वर्ष आणि धारवाडच्या अज्जीला नातीचा खेळ एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. अज्जीचे वय ७८. इतका लांबचा प्रवास पुन्हा होईल याची खात्री नाही. तेव्हा कोणत्या पंधरवड्याचे तिकीट काढायचे, हे मला वेळापत्रक पाहून सांगायचे होते.

शिष्यवृत्तीविना खेळ

आधी या कॉलेजांविषयी थोडे. तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागात आज चारशेहून अधिक संस्था आहेत आणि त्या बहुतेक लहान आहेत. या विभागाचा मुख्य नियम असा की, खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती द्यायची नाही. मुलगी हुशार असेल किंवा घरची गरज असेल तर मदत मिळते, गोल करते म्हणून मिळत नाही. त्यामुळे मुले अभ्यास सांभाळून खेळतात, आणि वेळापत्रक ठरवताना प्रशिक्षकालाही वर्ग, परीक्षा व प्रवास यांचा मेळ घालावा लागतो.

आपल्याकडे आंतरकॉलेज स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. एक वाईट दिवस आला की वर्षभराची तयारी संपली आणि संघ बस धरून घरी! तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात, असे सुमारे दहा आठवडे सामने चालतात. म्हणूनच कोणाशी, कधी आणि कोठे खेळायचे याला महत्त्व येते.

गटातले आणि गटाबाहेरचे

वेळापत्रकातले सामने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार कॉन्फरन्सचा, म्हणजे काही कॉलेजांनी मिळून केलेल्या कायमच्या गटाचा. यात प्रशिक्षकाला निवड नसते. न्यू इंग्लंडच्या 'नेस्कॅक' या गटात अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, मिडलबरी अशी अकरा कॉलेजे आहेत. प्रत्येकाला उरलेल्या दहांशी खेळावे लागते. हा गट अवघड आहे. टफ्ट्सच्या मुलांनी २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तर २०१५ सालचे अ‍ॅमहर्स्टने. अशा गटात दुबळा दिवस सापडणे कठीण. अंतरेही कमी नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टनच्या संघाला मेन राज्यात जायचे तर बसने सहा-सात तास मोडतात. दुसरीकडे 'युएए' या गटात शिकागो, अटलांटा, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशा दूरदूरच्या शहरांतील आठ विद्यापीठे आहेत. त्यांचे गटातले सामने सातच, पण त्यासाठी विमाने गाठावी लागतात.

दुसरा प्रकार गटाबाहेरच्या सामन्यांचा. हे प्रशिक्षक स्वतः ठरवतो. त्याचा स्वभाव आणि संघाविषयीचा त्याचा अंदाज इथेच कळतो. नवा संघ असेल तर सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी घेऊन मुलांचा हुरूप वाढवायचा, की पहिल्याच आठवड्यात बलाढ्य संघासमोर उभे करायचे? दोन्हींत फायदा आहे आणि धोकाही.

यामागे एक हिशेबही आहे. नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते आणि अंतिम सामना डिसेंबरच्या सुरुवातीला होतो. महिलांच्या स्पर्धेत ६४ संघ घेतात. त्यांतल्या बहुतेक जागा निरनिराळ्या गटांच्या विजेत्यांना थेट मिळतात. उरलेल्या जागांसाठी बाकी सगळ्यांची चढाओढ. पूर्वी ही निवड करताना विजयांचे प्रमाण आणि वेळापत्रक किती कठीण होते, या दोन गोष्टींवर बराच भर असे. काठिण्य काढताना प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला दोन तृतीयांश आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला एक तृतीयांश वजन दिले जाई. २०२४-२५ पासून त्या जागी एनपीआय नावाचा निर्देशांक आला. आता प्रत्येक सामन्याला निकाल आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद पाहून गुण मिळतात. सामना घरी झाला की परगावी, हेही पाहतात. बलवान संघाला हरवले तर जादा गुण आहेत. ठरावीक विजय झाल्यावर, सरासरी खाली ओढणारा दुबळ्या संघावरचा विजय हिशेबातून वगळलाही जातो. पण दुबळ्या संघाकडून झालेली हार मात्र वगळत नाहीत.

थोडक्यात, नुसते विजय मोजून भागत नाही. आपल्याकडे एखाद्याचे ९० टक्के गुण ऐकले की आपण लगेच विचारतो, "कोणत्या बोर्डाचे?" तसाच हा प्रकार.

तारखा काय सांगतात

प्रतिस्पर्ध्यांनंतर मी तारखांकडे पाहतो. शनिवारी आणि लगेच रविवारी सामना असेल तर दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. बुधवारी परगावचा सामना असेल तर मुले मध्यरात्री परततात आणि गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर होतात. सलग तीन परगावचे सामने आले तर तिथे एखादी हार धरूनच चालावे.

बरोबरीचा विचारही आता करावा लागतो. २०२२ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ खेळवत नाहीत. ९० मिनिटांत निकाल लागला नाही तर बरोबरी. त्यामुळे बचाव करून एक गुण वाचवणाऱ्या संघांना बळ आले आहे, आणि बलवान संघाचे दोन-तीन विजय सहज बरोबरीत अडकतात.

चांगले वेळापत्रक म्हणजे सोपे वेळापत्रक नव्हे. २०२२ साली शिकागो विद्यापीठाच्या मुलांनी एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होत्या ज्युलियन सिच. मुलांच्या संघाला एनसीएए सॉकरचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला. युएए गटाचा विजेता ठरवायला शेवटी वेगळी स्पर्धा नसते, साखळीतच काय ते ठरते. त्यामुळे तिथे ऑक्टोबरचा प्रत्येक शनिवार मोलाचा असतो.

अज्जीचे तिकीट

आता आमच्या घरचा कागद. सामने पंधरा. दहा गटातले, पाच बाहेरचे. गटातल्या पहिल्या चारपैकी तीन परगावी, म्हणजे सप्टेंबर खडतर. शेवटच्या सहापैकी चार घरच्या मैदानावर. संघाने सप्टेंबर कसाबसा निभावला, तर ऑक्टोबरात वर चढायला वाव आहे. राष्ट्रीय स्पर्धेची आशा धरावी, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नये. शिवाय नोव्हेंबरची तिकडची थंडी अज्जीला सोसणार नाही.

मेहुणीचे म्हणणे होते, सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी घरी होणारा सामना अज्जीला दाखवावा. गर्दी असते, वातावरण असते. पण मी वेगळा विचार केला. आमची मुलगी पहिल्या अकरांत नाही, ती राखीव खेळाडू आहे. अटीतटीच्या सामन्यात ती पाच मिनिटे खेळेल किंवा अजिबात खेळणार नाही. अज्जी हजारो मैल जाऊन बाकावर बसलेली नात पाहणार का? कॉलेज सॉकरमध्ये बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत. पहिल्या अर्धात बाहेर आलेली खेळाडू दुसऱ्या अर्धात पुन्हा उतरू शकते. त्यामुळे सामना सोपा असला की प्रशिक्षक बहुतेक साऱ्यांना खेळवतो. ऑक्टोबरच्या मध्यावर, बुधवारी, गटाबाहेरच्या एका साध्या संघाशी घरच्या मैदानावर सामना आहे. बहुतेकांच्या नजरेतून तो सुटेल. माझ्या दृष्टीने अज्जीसाठी तोच पहिला.

दुसरा सामना त्यानंतर दहा दिवसांनी, घरचा शेवटचा. तिकडे त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सत्कार करायची पद्धत आहे. आईवडिलांसह त्यांना मैदानात बोलावतात, आणि पुष्कळ प्रशिक्षक त्या दिवशी त्यांना सुरुवातीपासून खेळवतात. एका मुक्कामात दोन्ही सामने बसतात.

एकच अडचण उरली. अज्जीने वर्षाचा एक मोठा सण घराबाहेर कधी केलेला नाही, आणि हा मुक्काम ऐन सणांच्या दिवसांत. मी जपूनच विषय काढला. त्यावर अज्जी म्हणाली, "हब्ब वर्षा वर्षा बरतद. मोम्मगळ आट मत्त बरूदिल्ला." सण काय, दरवर्षी येतो.

बेळगाव-धारवाड भागातील अनेक घरांची मुले आज परदेशी कॉलेजांत आहेत आणि त्यांतली काही खेळतातही. त्यांनी वेळापत्रक पाठवले तर नुसते "छान" म्हणून सोडू नका. घरचे सामने किती, लागोपाठ परगावचे किती, अवघड आठवडा कोणता, आणि तुला खेळायला कधी मिळेल, एवढे चार प्रश्न तरी विचारा. खेळातले फारसे कळत नसले तरी चालेल. शेवटचा प्रश्न विचारणारे त्यांना फार थोडे भेटतात.