‘ठरविलें’ आणि ‘ठरलें’ : जपानी भाषेंतील निश्चय

आपल्या वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया लहानपणींच जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानांत गेला. तेथील भाषा त्याला उत्तम अवगत झाली. पुढें त्यानें व्यापार केला, तो सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथ स्वीकारला, आणि त्या पंथाच्या वकिलातीचा दुभाष्या म्हणून तो हिदेयोशीपुढें उभा राहिला. त्याच हिदेयोशीच्या आज्ञेनें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यास क्रूसावर मारण्यांत आलें. सन १८६२ मध्यें त्यास संतपद मिळालें.

दुभाष्यास शब्दांइकीच आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते : निश्चय कोणाचा? आजच्या जपानींत ह्यासाठीं दोन निरनिराळ्या रचना आहेत. ‘इकु’ म्हणजे जाणें, ‘कोतो’ म्हणजे गोष्ट. ‘इकु कोतो नि शिमाशिता’ ह्यांत ‘करणें’ हें क्रियापद आहे. अर्थ, जावयाचें मीं ठरविलें. ‘इकु कोतो नि नारिमाशिता’ ह्यांत ‘होणें’ आहे. अर्थ, जावयाचें ठरलें. कोणीं ठरविलें, हें दुसरें वाक्य सांगत नाहीं. इंग्रजी पुस्तकांवरून शिकणारा विद्यार्थी येथें हमखास अडखळतो. मराठी माणसानें मात्र अडखळण्याचें कारण नाहीं, कारण ‘ठरविणें’ व ‘ठरणें’ ही जोडी आपल्या घरचीच आहे. जपानींतहि ‘किमेरु’ आणि ‘किमारु’ अशी अगदीं तशीच जोडी आढळते.

साम्य येथेंच संपत नाहीं. वधूवरांनीं परस्परांस स्वतः निवडलें असलें तरी जपानी माणूस वडीलधाऱ्यांस कळवितांना ‘केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता’ असेंच बहुधा म्हणतो; आपणहि ‘लग्न ठरलें’ म्हणतों. ह्यांत लपवाछपवी नसून विनय आहे, असें मला वाटतें. पण प्रत्येक वेळीं विनयच असतो असें नाहीं. कचेरीनें एखाद्याची बदली केली आणि घरीं येऊन तो ‘शिमाशिता’ म्हणाला, तर घर सोडण्याचा दोष विनाकारण त्याच्याच माथीं येईल. उलट, आपखुशीनें नोकरी सोडणारा ‘नारिमाशिता’ म्हणाला, तर ऐकणाऱ्यास त्याला काढून टाकल्याचीहि शंका येऊं शकते.

‘शिमाशिता’च्या जागीं ‘शिते इमासु’ आलें, कीं निश्चयाचा नेम होतो : रोज पहांटे फिरावयाचें, असा मीं परिपाठ ठेवला आहे. ‘नात्ते इमासु’ आलें, तर तो आपला नेम राहत नाहीं. घरांत शिरतांना जोडे बाहेर काढावयाचे, अशी ती सर्वांची रीत होते.