भिवंडीतील पहिले बेचाळीस दिवस

भारतात आता बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थात्मक, म्हणजे दवाखान्यात किंवा रुग्णालयात झाल्या. परंतु त्याच सर्वेक्षणात जन्मानंतर तासाभराच्या आत आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के भरले. बाळंतपण रुग्णालयात गेले, पण बाळाला पहिल्यांदा छातीशी लावून देणारा जाणता हात त्याच्याबरोबर पुरेसा गेला नाही, असाच या दोन आकड्यांचा अर्थ निघतो. स्तनपानाचे महत्त्व सांगणारी भित्तिपत्रके भरपूर आहेत. उणीव आहे ती बाळंतिणीच्या शेजारी बसून मदत करणाऱ्या माणसाची.

पहिल्या दोन-तीन दिवसांत स्तनांतून येतो तो चीक, म्हणजे घट्ट, पिवळसर आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असा द्रव. तो एका वेळी काही मिलिलिटरच येतो आणि नवजाताची भूकही तेवढीच असते. तरीही एवढ्याशा चिकाने बाळाचे काय भागणार, या शंकेपोटी वरचे दूध, साखरेचे पाणी किंवा मध सुरू होतो आणि घोटाळ्याला तेथूनच आरंभ होतो. दूध तयार होण्याची क्रिया मागणीवर चालते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतील ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध निर्माण करणारे आणि ऑक्सिटोसिन हे पान्हा सोडणारे अशी दोन संप्रेरके स्रवतात. स्तन जितके वेळा व जितके पूर्ण रिकामे होतील तितके पुढचे दूध अधिक बनते आणि वरच्या दुधाने बाळाचे पोट भरले की ते चोखत नाही, म्हणून दूध खरोखरच कमी होऊ लागते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीचे पोषण करतात हे खरे, मात्र बाळ नीट चोखत नसेल तर त्यांनी दूध वाढेल ही अपेक्षा फोल आहे.

नीट चोखणे म्हणजे काय, हे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. बाळाचे डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेले, तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनात रुतलेली असावी. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, बराचसा तोंडात गेलेला असावा. केवळ स्तनाग्र तोंडात असेल तर बाळाला दूध कमी मिळते आणि आईला भेगा पडतात. अशी वेदना सोसण्यातच आईपण आहे असे अनेक घरांत मानले जाते, परंतु ती बहुधा पकड चुकल्याची खूण असते आणि पकड सुधारली की पुष्कळदा थांबते. आयआयटी मुंबईतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राशी संबंधित बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी नेमके हे तंत्र शिकवणारे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवता येत नाही. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि जन्मावेळचे वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येणे, या त्याच्या खऱ्या खुणा होत.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे आणि अलीकडे गोदामांचे शहर असून येथील स्थानिक आगरी व कोकणी मुसलमान कुटुंबांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेला मोठा कामगारवर्ग राहतो. पद्मानगरात तेलुगू, शांतीनगरात हिंदी-उर्दू आणि आसपासच्या गावांत मराठी ऐकू येते. पहिले बाळंतपण माहेरी करून सव्वा महिना शेकशेगडी घेण्याची मराठी घरांतील रीत कितीही टीकेची धनी झाली, तरी तिच्यामुळे बाळंतिणीला घरकामातून सुटका आणि एका अनुभवी बाईची सोबत मिळे. एका खोलीत राहणाऱ्या, माहेर हजार-दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या स्थलांतरित स्त्रीला यांपैकी काहीच मिळत नाही. नवरा बारा तासांच्या पाळीत मागावर आणि चूल, पाणी, थोरली मुले तिच्या अंगावर.

दूध खऱ्या अर्थाने भरू लागते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे बाळंतीण रुग्णालयातून घरी येते त्याच सुमारास, आणि स्तन दगडासारखे कठीण होऊन ठणकू लागतात तेही तेव्हाच. या वेळेला घरी कोण पोहोचते, या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजाताची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभारली. ३९ गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्तनपानास साहाय्य हा त्या कामाचा एक भाग होता. २०११ पासून हीच पद्धत देशभर ‘आशा’ या आरोग्य-कार्यकर्तीकडे सोपवण्यात आली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जावे आणि या सर्व भेटींबद्दल तिला २५० रुपये मिळावेत, अशी ही योजना आहे. काम आणि मोबदला यांचे हे प्रमाण पाहता योजना बऱ्याच अंशी आशाताईंच्या भलेपणावर उभी आहे, असे म्हणावे लागते. शहरी निकषानुसार एका आशाकडे हजार ते अडीच हजार वस्ती येते. शिवाय भाडेकरू कुटुंबे घर बदलतात, मुलुखाला जातात, नोंद एकीकडे आणि बाळ दुसरीकडे राहते. त्यामुळे सहापैकी एकच भेट नक्की साधता येणार असेल, तर ती तिसऱ्या दिवसाची असावी आणि भेटीला येणारी बाई बाळंतिणीची भाषा बोलणारी असावी.

भाषेइतकेच घरातील वडीलधाऱ्यांचे मनही महत्त्वाचे ठरते. जन्मतः मध चाटवणे, बाळगुटी देणे किंवा मुस्लिम कुटुंबांत तहनीक म्हणून चावलेला खजूर तोंडातील टाळूला लावणे, या रीतींमागे माया असते. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मधातून बोट्युलिझम हा विरळा पण घातक आजार तान्ह्याला होऊ शकतो. येथे सासूला बाजूला सारून केलेला उपदेश वाया जातो. कुराणात पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा उल्लेख आहे, हे मुस्लिम घरातील सासूला ठाऊक असते. बोलणे तेथून सुरू केले तर पुढे जाते.

डब्यातील दुधाचा मोह आवरण्यासाठी कायदाही आहे. १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’सारख्या संस्था ज्या काळात उभ्या राहिल्या, त्याच काळात १९९२ चा शिशुदुग्ध-पर्याय कायदा आला, दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा खाद्यांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात व मोफत नमुने त्यामुळे निषिद्ध झाले. अकाली जन्मलेल्या बाळाच्या आईला सुरुवातीस दूध पुरेसे नसेल, तर दुसऱ्या मातांनी दिलेले, पाश्चरीकरण करून साठवलेले दूध हा पर्याय आहे. आशियातील पहिली अशी मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये भिवंडीपासून फार दूर नसलेल्या मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली.

कामाचा प्रश्न मात्र कायद्याने फारसा सुटलेला नाही. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले, कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विरामांची तरतूदही आहे. परंतु घरात बसून नगावर पैसे घेत कपड्यांचे धागे कापणाऱ्या बाईला मालक कागदोपत्री नसतोच. एसटी स्थानकांत स्तनपानासाठी राखलेल्या हिरकणी कक्षाचाही तिला उपयोग नाही, कारण तिला आडोशापेक्षा वेळ हवा आहे. तिला घराबाहेर जावे लागले, तर हाताने दूध काढण्याची रीत कामी येते. हात व भांडे स्वच्छ धुऊन, अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या कडेवर ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबले की दूध येते. झाकून सावलीत ठेवलेले हे दूध चार तासांच्या आत वाटी-चमच्याने किंवा जुन्या घरांतील बोंडल्याने पाजता येते, बाटली लागत नाही. आणि हे शिकवायला आशाताईला त्या खोलीत बसून अर्धा तास पुरतो.